ॲनिमेवाल्यांची ताई

ताईच्या तेराव्याला मी एका जपानी बाहुलीला नैवेद्य दाखवला. लालबागच्या तिच्या खोलीत देवांच्या फळीला लागूनच निळ्या केसांची, हातात तलवार घेतलेली वीतभर मूर्ती उभी होती. आमच्या घराण्यात देव कमी नाहीत आणि मला सगळे ओळखूही येत नाहीत. तेव्हा मी आपलं श्रद्धेनं ताटाभोवती पाणी फिरवलं. “बाबा, थांब! ती देवी नाहीये,” माझी मुलगी सई ओरडली. “ते आत्याचं रिसर्च मटेरियल आहे!” ताई गेल्यापासून पोरगी पहिल्यांदाच हसली... आणि मग रडली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, मालती. लग्न केलं नाही. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात काढलं. निवृत्तीनंतर ती स्वस्थ बसेल, ही आशा मी एकट्यानंच बाळगली होती. सईनं पीएचडीला विषय घेतला तो असा : जपानी ॲनिमेचे आपल्याकडचे चाहते काय विकत घेतात, आणि का. “कार्टून बघणाऱ्यांवर पीएचडी?” मी म्हटलं. ताईनं चष्म्यावरून पाहिलं. “मंडळाचा टी-शर्ट तू दर गणपतीत नवा घेतोस तो का रे? जुना फाटतो म्हणून?” जुना पोटावर चढत नाही, हे खरं कारण मी गिळलं.

त्या दिवसापासून ती सईसाठी संदर्भ जमवायला लागली. नियतकालिकांतले लेख, दुकानांची पत्रकं, चाहत्यांची इंटरनेटवरची भांडणं छापून काढलेली, बिल्ले, बाहुल्या. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर टिपण : हे कोण सांगतंय, विकणारा की घेणारा? विश्वास किती ठेवायचा? दादरला एका हॉलमध्ये चाहत्यांचा मेळा भरला, तर ही बाई सुती साडी नेसून तिथेही हजर. आवडत्या पात्रांचे वेश करून आलेल्या पोरांनी विचारलं, “आजी, तुम्ही कोणाचा कॉस्प्ले केलाय?” “लायब्रेरियनचा,” ताई म्हणाली. पोरं खो खो हसली, आणि मग तिच्याभोवती बसून जे बोलत सुटली, ते हॉलवाल्यानं दिवे घालवेपर्यंत.

ती गेली आणि सईचं काम थांबलं. लालबागला जायची, चिठ्ठ्या वाचायची, होत्या तशा ठेवून परत यायची. आत्याचं अक्षर हलवायचं नाही म्हणे. गाइडचा फोन उचलेना. “सोडून देते. नोकरी बघेन,” असं एकदा जेवताना म्हणाली. मी समजूत घालायला म्हणून थोडं तत्त्वज्ञान वाढलं; कुणी घेतलं नाही.

गेल्या रविवारी मीही तिच्याबरोबर गेलो. परळच्या एका गटाचे वेश केलेले फोटो तिच्या हातात होते. त्यांच्या चिठ्ठीवर ताईनं लिहिलं होतं : ‘सर्व पोशाख विकतचे. खर्चिक छंद.’

“चूक आहे हे,” सई एकदम म्हणाली. “बाबा, हा झगा एकच आहे. चौघी आळीपाळीनं घालतात. एकीच्या आईनं घरातल्या जुन्या पडद्याचा शिवलाय. मी विचारलंय त्यांना!” आणि ती उठून खोलीभर फेऱ्या मारत बोलायला लागली. माझ्याशी नव्हे. “आत्या, नुसत्या फोटोवरनं कसं ठरवलंस तू? विकत घेणं वेगळं, वाटून घेणं वेगळं... मुद्दाच तर इथे आहे!” तिनं पेन काढलं, ताईच्या अक्षराखाली लिहिलं, ‘असहमत. सई.’ मग पुढची चिठ्ठी ओढली. मग तिच्या पुढची. मी केलेला चहा गार झाला तरी तिला पत्ता नव्हता. ताईच्या टेबलाशी, ताईसारखीच एक पाय खुर्चीवर दुमडून, ती लिहीत राहिली...

घरी येऊन मी बायकोला दबकत सांगितलं, की पोरगी ताईची टिपणं खोडून काढतेय, काय करायचं? ती गवार निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

“भांडतेय ना ताईंशी? मग सुटले मी,” ती म्हणाली. “आता पुरं केल्याशिवाय ऐकायची नाही कोणाचं.”