शेजारच्या खाटेवरची आंबील

पायाची जखम चिघळली म्हणून मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात पडून होतो, पण जीव सगळा पोंभुर्ण्याजवळच्या माझ्या शेतात, बांधीत. धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, तोंडावर आलेली. शनिवारी सुट्टी देतो, असं डॉक्टर म्हणाले होते आणि सोमवारी रोवणाऱ्या बाया येणार होत्या. मी उभा नसलो तर रोवणा होत नाही, ही माझी पक्की समजूत. बायकोची तशी नव्हती, पण तिला विचारतो कोण!

आणि गुरुवारी जुलाब सुरू झाले.

संशय लगेच शेजारच्या खाटेकडे गेला. तिथं गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावचा म्हातारा होता. त्याची बायको मागच्या शेडमध्ये चूल पेटवून आंबील करायची. आदल्या दिवशी तिनं मलाही ग्लासभर दिली होती. दुसरा ग्लास मी मागून घेतला होता, ते सोडा. आता मी तिच्या भांड्यावर नजर ठेवली. झाकण सैल. पळी खाटेवर. म्हातारा तीच आंबील पिऊन ठणठणीत होता, आणि हे तर मला जास्तच संशयास्पद वाटलं. मग संशयाची पाळी आली कॅन्टीनच्या चहावर, मग घरच्या भातावर.

डॉक्टरांना सांगितलं असतं तर शनिवार हातचा गेला असता. म्हणून मी चहावाल्याकडून पोट बांधायच्या गोळ्या मागवल्या आणि गिळल्या. शुक्रवारी सकाळी पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, अंगात ताप.

सिस्टर आल्या. "काका, कालपासून संडासाकडं काऊन चकरा मारून राह्यले तुमी?"

"पाय मोकळा करतो."

"सलाईनचा खांब घेऊन?"

त्यांनी उशी उचलली. खाली पोट बांधायच्या गोळ्या आणि माझ्या नेहमीच्या गॅसच्या गोळ्या. या दुसऱ्या मी वर्षानुवर्षं चहाआधी घेतो, कुणालाही न विचारता.

तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, जखमेच्या जोरदार अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतूही मेले. गॅसच्या गोळ्यांनी पोटातलं आम्ल मारलं, म्हणजे राखणदारही गेला. वय झालेलं, त्यात दवाखान्यातला मुक्काम. अशा पोटात तपासणीत सापडलेला हा जुलाबाचा जंतू मजेत राहतो. "आणि तुम्ही गोळ्या खाऊन त्याचं विष आत कोंडून ठेवलंत."

"म्हणजे आंबील नाही?" मी जरा नाराजच झालो.

"आंबिलीनं तुमचं काय केलं?"

अँटिबायोटिक बदललं, मला वेगळ्या खोलीत हलवलं. आंबीलवाली म्हातारी दारापर्यंत आली. मी आत बोलावलं.

"नाई भाऊ. तुमच्याजवळ जाऊ नोका म्हनते सिस्टर." माझा ग्लास तिनं साबणानं दोनदा घासला होता, हेही तिनं सांगितलं.

दुपारी बायको दह्याचा डबा आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घेऊन हजर झाली. तिनं सॅनिटायझर हातावर घेतलं तसं सिस्टरनं अडवलं. या जंतूला ते पुरत नाही, साबण-पाण्यानंच हात धुवायचे. आठवडाभर मी तेच सॅनिटायझर ऐटीत चोळत होतो.

कॅप्सूल पाहून डॉक्टर म्हणाले, "अँटिबायोटिकच्या सुरुवातीलाच दिल्या तर काही जणांना याचा फायदा होतो. पण आजार झाल्यावर हे त्याचं औषध नाही. फार अशक्त माणसाला तर विचारल्याशिवाय देऊच नये."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?" बायको.

"तुमचा माणूस आधी काही सांगतो का?"

त्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यापेक्षा ताप बरा होता.

शनिवार गेला. सोमवारी मी बायकोला फोन लावला तर पलीकडून बायांचा हशा ऐकू आला.

"रोवणा लागला का?"

"लागला ना."

"माझ्याशिवाय?"

"धानाले तुमी लागत नाई, पानी लागते."

व्हिडिओ कर म्हटलं. तिनं फोन फिरवला. रोप उभं, हिरवंगार, बांधी नीट भरलेली. चांगली होती तेवढीच बांधी तिनं दाखवली असावी, असा माझा अजूनही संशय आहे.