वाण घेऊन निघालेल्या बायका

दिल्लीच्या जानेवारीतल्या उन्हाला हळदीचा रंग असतो आणि आयुष्य अगदीच तोकडं. चारच्या सुमाराला ते खिडकीतून आत येतं, भिंतीवर घटकाभर टेकतं आणि धुक्याची चाहूल लागताच निघून जातं. माझ्या पहिल्या चित्रपटाचा सगळा भार त्या घटकाभर उन्हावर होता.

मी निर्माती होते, पण माझ्यामागे ना कंपनी होती ना स्टुडिओ. लक्ष्मीबाई नगरातल्या एका काकूंनी आपलं सरकारी क्वार्टर चित्रीकरणाला दिलं आणि हळदीकुंकवाच्या प्रसंगासाठी आसपासच्या मराठी बायकाही गोळा केल्या. कथेतली नवी सून दिल्लीत एकटी पडलेली. त्या प्रसंगात, अंगावर गुलाबपाणी उडताच, ती पहिल्यांदा हसते. त्या हसण्यासाठीच तर मी हा चित्रपट करायला घेतला होता. आणि आमची नायिका रात्रीच्या विमानाने पुण्याला परतणार होती.

सगळ्यांचा एकत्र शॉट सुरेख झाला. अत्तराचा दाट वास, भिजवलेल्या हरभऱ्यांचा हिरवट ओलावा, रेशमी पदरांची सळसळ. प्रसंग खरा वाटावा म्हणून वाणाला स्टीलच्या खऱ्या वाट्या मीच आणल्या होत्या. नायिकेने त्या एकेकीच्या हाती दिल्या. मग बायकांच्या घोळक्यातलं तिचं ते हसू जवळून टिपण्यासाठी आम्ही दिवे हलवू लागलो. वळून पाहते तो खोली रिकामी. सतरंजीवर हलव्याचे चार दाणे तेवढे उरलेले.

काकू जिन्यात चपला घालत होत्या. मी म्हटलं, अहो, प्रसंग अजून अर्धाच झालाय.

“अगं, वाण हातात पडलं की उठायचं असतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आता समोरच्या ब्लॉकमध्ये बोलावणं आहे.”

“सगळ्याजणी परत येऊन बसल्या तर?”

“एकाच घरी दोनदा वाण? काहीतरीच. त्यापेक्षा तुम्हीच चला की. बिल्कुल अस्संच घर आहे.”

दिल्लीतच वाढलेल्या आमच्या दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीतल्या उन्हाकडे. मग कॅमेरा, दिवे आणि नऊवारीतली नायिका अशी आमची वरात समोरचा जिना चढली.

घर खरोखरच तसंच होतं. तोच सरकारी पिवळा रंग, खिडकीला तेच उभे गज, आणि गजांतून येणारं तेच ऊन. कॅमेरामनने एकदा भिंतीवरून हात फिरवला आणि कॅमेरा रोवला. तिथल्या मावशींनी मात्र अट घातली, आधी सगळ्यांनी तिळगूळ घ्यायचा. तो तोंडात विरघळत असतानाच त्यांनी नायिकेवर गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडलं. थंडीत गारठलेले ते थेंब मानेवर पडले मात्र, ती शहारली, डोळे मिटले आणि खळखळून हसली. हे हसू पटकथेत लिहिल्यापेक्षा फार मोठं होतं. कॅमेरा चालू होता.

पुढे तो चित्रपट आम्ही पहिल्यांदा दाखवला तो कॉलनीच्या सभागृहात. ते हसू पडद्यावर आलं तशी अंधारातून मावशींची कुजबुज ऐकू आली, “हे माझं घर.”

“घर माझं आहे,” काकू म्हणाल्या. “माझ्या दारातूनच आल्यात सगळ्या.”

“आल्या असतील. हसली माझ्याकडे.”