काकीचा उजवा हात

ऑफिसात माझा दरारा होता. पदाने मी कोणीच नाही, आरोग्य खात्यात कॉम्प्युटरवर बसणारी कंत्राटी बाई. पण उपकेंद्रांची सगळी माहिती माझ्या स्क्रीनवर यायची, आणि ज्या उपकेंद्राची आली नाही तिथल्या सिस्टरला दुपारी चारच्या सुमारास माझा फोन जायचा. "सिस्टर, तुमचे सात पेशंट अजून बाकी दिसतायत." एवढंच बोलायचे. आवाज चढवावा लागत नसे. माझ्यामागे साहेब आणि साहेबांच्या मागे मुंबई, हे तिला न सांगता कळायचं.

बीपीचं काम सुरू झालं तेव्हा तर माझे पाय जमिनीवर नव्हते. साठीच्या पुढच्या, गोळ्या चालू असलेल्या प्रत्येकाचं महिन्यातून एकदा बीपी मोजायचं. मशीन टॅबला जोडलेलं. दंडावरचा पट्टा आवळला, सुटला, की आकडा आपोआप वर जाणार. हाताने आकडा भरायची सोय मुद्दाम बंद ठेवलेली. पूर्वी वहीत बसल्या जागी एकशेवीस-ऐंशी लिहून मोकळे होणारे लोक मी पाहिले होते ना! "आता खोटं लिहायला जागाच नाही," असं मी प्रत्येक ट्रेनिंगला ठणकावून सांगायचे. शिवाय त्या महिन्याचा आकडा आला नाही तर त्या पेशंटच्या नावावर गोळ्या निघायच्या नाहीत. हा नियम माझा नव्हता, पण बैठकीत मान मीही डोलावली होती.

माझी आई त्याच यादीत. आमची वाडी खाली नदीकडे, उपकेंद्र वर रस्त्याला, आणि मध्ये जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे उभ्या पायऱ्यांची वाट, चढताना तरण्या माणसालाही दोनदा टेकावं लागेल अशी. आईचे गुडघे कधीच गेलेले. "कशी जातेस गो?" मी विचारलं होतं. "काकी हाय ना," ती म्हणाली. काकी म्हणजे शेजारच्या घरातली, आईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अजून गवताचा भारा डोक्यावरून आणणारी. वाडीतल्या कोणाचंही वरचं काम असलं की तिच्याच हाती जाणार, हे माझ्या लहानपणापासूनचं. आईला हात धरून नेत असेल, असं मी समजले. पुढे विचारलं नाही.

दर महिन्याला त्या उपकेंद्राचे आकडे आले की मी आईचा आकडा शोधून काढायचे. बघू नये, पण बघायचे. एकशेबावीस, एकशेअठरा, एकशेचोवीस. लगेच फोन. "आई, तुझं बीपी माझ्यापेक्षा छान आहे!" ती हसायची. "मग? आमी काय म्हातारी झालो काय?" पुढे सिस्टरने व्हिडिओवर डॉक्टरांना तिचे आकडे दाखवले आणि त्यांनी दोन गोळ्यांची एक केली, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले.

गेल्या मे महिन्यात सावर्ड्याला एक ट्रेनिंग होतं. ते आटोपून मी तशीच घरी गेले. दाखवायला नेलेलं बीपीचं मशीन पर्समध्येच होतं. आईने जेवायला वाढलं. आमटी वाटीत न पडता वाटीच्या डाव्या बाजूला ताटात सांडली, आणि तिला ते दिसलंच नाही.

"डोळ्याला काय झालं?"

"काय नाय गो. ह्या डोळ्यान जरा धूर धूर दिसता. मोतीबिंदू असल."

जेवण झाल्यावर निव्वळ मिरवायला म्हणून मी मशीन काढलं. आईच्या दंडाला पट्टा बांधला आणि वर एक छोटं भाषणही दिलं. आकडा आला दोनशेबारा. खालचा एकशेसोळा. मी म्हटलं, मशीनच बिघडलंय. स्वतःचं घेतलं, ते ठीक आलं. पुन्हा आईचं घेतलं. दोनशेदहा.

तेवढ्यात काकी फणसाचे गरे घेऊन मागच्या दाराने आली. आणखी एकदा खात्री करावी म्हणून मी तिला म्हटलं, "काकी, बस जरा, तुझं बीपी बघते."

"माझा कशाला बघतंस?" काकी हसत म्हणाली. "माझा म्हयन्याला सात वेळा बघतत."

मला आधी कळेचना. मग ती अगदी सरळपणे सांगत गेली. लपवण्यासारखं तिला त्यात काही वाटतच नव्हतं. वाडीतले सात म्हातारे. एकालाही पाखाडी चढवत नाही. पूर्वी काकी पिशवीत सगळ्यांचे कागद घेऊन जायची आणि गोळ्या आणायची. आता बीपी मोजल्याशिवाय गोळ्या नाहीत म्हटल्यावर सिस्टर रडकुंडीला आली. तिच्याकडे पाच गावं, वाडीत उतरली तर फोन कसाबसा लागतो, पण टॅबला नेट मिळत नाही. मग काकीच म्हणाली, माझा हात घे. सिस्टर टॅबवर एकेकाचं नाव काढायची आणि पट्टा काकीच्या उजव्या दंडाला आवळायची. एकदा, दोनदा, सातदा.

"शेवटाला हाताला मुंग्या येतत नुसत्या," काकी दंड चोळत म्हणाली. "पण म्हाताऱ्यांच्या गोळ्या तर येतत."

एकाच माणसाचं बीपी ओळीने सात वेळा घेतलं तर दर वेळी थोडं वेगळं येतं. म्हणून तर मला कधी शंका आली नाही. खोटं लिहायला जागा ठेवली नव्हती, त्यामुळे एका धडधाकट बाईचा खराखुरा हात लागला होता. एकशेबावीस काकीचं, एकशेअठरा काकीचं. आणि त्या आकड्यांवर माझ्या आईची एक गोळी बंद झाली होती. काकीवर ओरडू, सिस्टरवर ओरडू की स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ, काही सुचेना. काकी बिचारी घाबरून विचारत राहिली, "माझा काय चुकला काय गो?"

वाडीतल्या दोघांनी आईला खुर्चीत बसवून पाखाडीवरून वर नेलं. तिथून रिक्षाने सरकारी दवाखान्यात. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आईचं नाव कॉम्प्युटरवर काढलं आणि त्यांचा चेहरा निवळला.

"अहो, यांचं बीपी वर्षभर एकदम कंट्रोलमध्ये आहे. प्रवासाने, घाबरून वाढलं असेल. पंख्याखाली बसवा, अर्ध्या तासाने बघू." आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले सुद्धा.

मी त्यांच्या टेबलासमोरून हलले नाही. रांगेतले लोक ऐकत होते, एक ओळखीच्या सिस्टरही होत्या. "डॉक्टर, ते आकडे हिचे नाहीत," मी म्हटलं. "ते शेजारणीचे आहेत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"कारण ते भरले नाहीत तर चार वाजता फोन करणारी बाई मीच."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. उठून त्यांनी स्वतः आईचं बीपी घेतलं, मग डोळ्यात बॅटरी मारली, आणि लगेच दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय, बरेच दिवस झाले असावेत. उजवा वाचेल. डाव्याची नजर परत येईल असं ते म्हणू शकत नव्हते.

संध्याकाळी मी कॉटजवळ बसले होते. शेवटी विचारलं, "आई, डोळ्याला अंधारी येत होती तर फोनवर कधी बोलली का नाहीस?"

"तू दर म्हयन्याला एवढी खूश व्हायचीस," ती म्हणाली. "नि शिस्टर बोलली, आकडा गेला नाय तर तुझ्या मुलीलाच वरनं बोलणी बसतत."

मला रडू आवरेना. तिने चाचपडत माझं मनगट धरलं. आणि मग दबक्या आवाजात, बाजूच्या कॉटवरच्या बाईला ऐकू जाऊ नये असं, तिने विचारलं, "आज हितं माझा खरा आकडा चढवला असल ना? तुझं सायब ओरडतील काय गो तुला?"

"ओरडू देत," मी म्हटलं.