डॉक्टरांना न सांगितलेला भाऊ

देवाच्या कृपेबद्दल लिहावं, एवढी माझी पायरी नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि भक्तीतही कच्चा. आगाऊपणा वाटला तर वाचकांनी पदरात घ्यावा.

माझी सात वर्षांची बहीण चिमू अचानक सुजली, लघवी जवळजवळ थांबली, रक्त भराभर घटलं. गोव्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "घरात लहानपणी आणखी कुणाला असं झालं होतं का?" आईबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही." वर्गात आनुवंशिकता शिकलेला मी! काकीचा मुलगा बाबल पाचव्या वर्षी असाच सुजून गेला होता. काकीने नवस फेडला नाही म्हणून देव कोपला, असं घरच्यांनी ठरवलं. बारा वर्षांपूर्वी काका वारल्यावर तिला तोंडवलीला माहेरी धाडलं. तेव्हापासून बाबलचं नाव घरात कुणी घेत नसे. त्या सवयीनेच मी खोटं बोललो.

आठवडाभरात चिमू आणखी खालावली. बाबांनी मला गावी, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायला पाठवलं. गुरव म्हणाले, "जी काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल." मी मोठ्याने "व्हय म्हाराजा!" म्हटलं. चूक कोणती, हे मनातही आलं नाही. वळलो तर खांबाशी काकी उभी. बारा वर्षांत ती या देवळात आली नव्हती.

"चिमूचा कळला म्हणान इलंय. डॉक्टराक माझ्या बाबलाचा सांगलंस मां?"

"सांगूक नाय," मी म्हणालो.

"अरे मेल्या, देवाक आरडान सांगतस आणि डॉक्टरापासून लपयतस?"

तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बाबलची जुनी फाईल काढली. मी तिथूनच फोटो पाठवले. डॉक्टरांचा लगेच फोन आला, "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" उपचार बदलले. चिमू वाचली, पण तिची मूत्रपिंडं सावरली नाहीत. डायलिसिस चालू आहे. वाया गेलेले ते आठ दिवस माझे आहेत. काकीला त्या वेळी तिथे कुणी आणलं, यावर मी वाद घालत नाही. शरण जायचं तर झाकलेलं आधी उघडं करावं लागतं, एवढंच मला उमगलं, तेही उशिरा.

गेल्या आठवड्यात घरातल्यांच्या रक्ताच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला. दोष बाबांच्या रक्तात आहे, माझ्याही आहे. डॉक्टर म्हणाले, बाबलला तो काकांकडूनच आला असणार. बाबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काकीचा विषय काढला.

"वयनीक सांगाक होया. माकाच जावचा लागतला."