बर्फाच्या कडेला

मस्कतच्या एका मॉलमधल्या बर्फाच्या पार्कात मी कॉलेजच्या सुट्टीत तिकिटं फाडायचो. तिथली स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची गाडी, चालवणारे रत्नागिरीचे चाचा प्रत्येक फेरीआधी तिच्या रबरी पट्ट्याखाली फावड्याने बर्फ सारत. "यल्ला, चला लवकर, गाडी दारापर्यंत आणा!" मॅनेजर ओरडायचा. पण पुढे दारापर्यंत कोरडी फरशी होती, चाचा बर्फाच्या कडेलाच थांबत. मला म्हणाले, "खाली बर्फ नसला तर पट्ट्याच्या आतलं प्लास्टिक घासून वितळतं. नवीन येईस्तोवर गाडी बंद. शुक्रवारी माझी पोर येतेय गावावरनं, तिला बसवायचंय."

शुक्रवारी पोर बसली, फेरी झाली. "अब्बा, दारापर्यंत न्या ना!" मला वाटलं, आज तरी नेतील. चाचांनी कडेला इंजिन बंद केलं, तिला खांद्यावर घेतलं आणि तोंडाने गाडीचा आवाज काढत कोरड्या फरशीवरून दारापर्यंत नेलं.