साडूंची डोकेदुखी

गाढवालाही कळेल अशी गोष्ट हटकून उलटी करून दाखवणं ही जर कला असेल, तर हुलसूरचे माझे साडू त्या कलेतले उस्ताद आहेत. दोन महिन्यांपूर्वी हैदराबादेत त्यांच्या मेंदूतली गाठ काढली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, डोकं काही आठवडे दुखणारच. पण दुखणं चढायच्या आधी वेळेवर गोळी घ्या, डोक्याखाली उंच उशी घेऊन झोपा, ओझं उचलू नका. साडूंनी मान डोलावली आणि घरी येताच तुरीचं पोतं उचलून पाहिलं. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा म्हणाले, "पोतंच ओलं हाय."

गोळीशी तर त्यांचं हाडवैर. "गोळ्यांनं मेंदू मऊ पडतोय," हे त्यांचं शास्त्र. दुपारभर कपाळाला टॉवेल आवळून दात खात बसायचे आणि घरात कुणी नुसतं कण्हलं तरी, "माझं डोकं उघडलं व्हतं, तुझं काय झालंय?" म्हणून त्याला गप्प करायचे. उशी लाथाडून जमिनीवर सपाट झोपायचे. नौबादच्या कुण्या पाहुण्यानं सांगितलं म्हणून टाक्यांवर लवंगेचं तेल चोळायला निघाले, तेव्हा माझ्या मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, अख्खी बाटली मोरीत ओतली.

एका सकाळी मात्र दुखणं भलतंच वाढलं. उलट्या सुरू झाल्या, डोळे उघडेनात. साडू म्हणतात, "पित्त हाय, लिंबू दे." मेहुणीनं लिंबू दिलं नाही, जीप बोलावली. "कामून न्यायलीस मला?" असं ते वाटभर ओरडत असताना आम्ही त्यांना बीदरला पोचवलं. जखमेखाली पाणी साठलं होतं. ते काढलं आणि माणूस वाचला.

परवा भेटायला गेलो तो चार शब्द सुनवायचेच ठरवून. साडू उंच उशीला टेकून बसले होते. म्हटलं, "वेळेवर गोळी घ्यायला काय जात होतं हो तुमचं?"

ते स्वयंपाकघराकडे एकदा पाहून हळूच म्हणाले, "गोळी मागितली की ही तोंडाकडं बघायची. गाठ परत आली का काय म्हणून. ते बघणं डोक्यापेक्षा जास्ती दुखायचं बघा."

मी त्यांची उशी जरा वर सरकवली. तेवढ्यात मेहुणी पाणी आणि गोळी घेऊन आली. साडूंनी मुकाट्यानं गोळी गिळली, आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती तेवढा वेळ नुसते हसत राहिले.