आईच्या नावापुढची खूण

बाईंचा हजेरीपट आता माझ्या कपाटात आहे. त्यात माझ्या आईच्या नावापुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण आहे, आणि ती खोटी आहे. माझ्यामुळे.

बाई आमच्या लालबागच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. कुणी दोन दिवस शाळेत दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी त्या चाळीचे जिने चढून दारात हजर. ताप असेल तर कपाळाला हात लावून बघायच्या, नुसता कंटाळा असेल तर आईकडे बघायच्या. आम्ही त्यांना टरकून असायचो. निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो सगळं सोसून त्या डोक्याला रुमाल बांधून शाळेत परत आल्या. निवृत्त झाल्यावर घरी बसतील तर त्या बाई कसल्या. त्यांनी एक कोरा हजेरीपट आणला आणि त्यात आसपासच्या चाळींतल्या बायकांची नावं खोली नंबरासकट लिहून काढली. जिची तपासणी झाली तिच्यापुढे खूण, बाकीच्या गैरहजर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये डॉक्टरांना बोलावून फुकट तपासणी. आमच्याकडे 'तो आजार' म्हणायची पद्धत. बाई भर हळदीकुंकवात माईक घेऊन 'कॅन्सर' इतक्या खणखणीत म्हणायच्या, की बायकांच्या हातातला तिळगूळ हातातच राहायचा.

मी लग्न होऊन अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेले, आई मात्र चाळीतच राहिली. मग बाईंचे फोन मला यायला लागले. आईला रविवारी घेऊन ये. मी बघते म्हणायचे आणि विसरायचे. विसरायचे कसली, मला राग यायचा. आठवड्यात एक सुट्टी, त्यात मुलीचा अभ्यास, घरची कामं, आणि आई तर ठणठणीत. चौथा फोन आला तेव्हा मी दादरच्या ऑफिसात साहेबांसमोर फाईल घेऊन उभी होते.

"झाली तपासणी, बाई," मी म्हटलं. अँटॉप हिललाच केली, रिपोर्टही नॉर्मल आलाय. एका दमात तीन थापा.

संध्याकाळी आईला हसत हसत सांगितलं तर तिने मलाच झापलं. बाईंशी खोटं बोलतात? पण दोन दिवसांनी मासळीबाजारात बाई भेटल्या, तेव्हा तिनेच होय बाई, लेकीने नेलं होतं, असं सांगून टाकलं. पोटच्या पोरीवर पांघरूण घातलं.

त्यानंतर मी बाईंच्या भाषणात आले. माझी एक विद्यार्थिनी, नोकरी, संसार सांभाळून आईला तपासणीला घेऊन गेली, तुम्हाला काय धाड भरलीय, असं त्या विचारायच्या. एका संक्रांतीला मी ते समोर बसून ऐकलं. ओळखीच्या बायका वळून बघत होत्या. वाणाची स्टीलची वाटी मांडीवर घेऊन मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजतेय.

पुढल्या वर्षी भोईवाड्यात एका लग्नाला निघालो होतो. आईच्या पदराला पिन लावताना माझा हात लागला आणि ती कळवळली. गाठ चांगली सुपारीएवढी होती. चार महिने तिने ती अंगावर काढली होती.

परळच्या हॉस्पिटलात बाई पेजेचा डबा घेऊन आल्या. आईजवळ थोडा वेळ बसल्या, मग मला कॉरिडॉरमध्ये नेऊन तो जुना रिपोर्ट मागू लागल्या. नॉर्मल लिहिणाऱ्याला त्या सोडणार नव्हत्या. पत्ता दे, उद्याच जाते, म्हणाल्या. आता आणखी एक थाप मारायची तर कुणा निरपराध माणसावर शेकली असती. मी त्यांच्या चपलांकडे बघत सगळं सांगितलं.

बाई बाकावर बसल्या. म्हणाल्या, "प्रत्येकीकडे मी कागद मागते. तुझ्याकडे नाही मागितला."

बाईंनी शाळेत कधी कुणाला छडी मारली नव्हती. त्या दिवशी मला मारली असती तर बरं झालं असतं.

आई गेली. नंतर बाईंचा आजार उलटला आणि त्याही गेल्या. जाण्याआधी त्यांनी हजेरीपट माझ्या हातात दिला. आईपुढची खूण त्यांनी खोडली नव्हती, मीही खोडलेली नाही.

आता हळदीकुंकवात माईक माझ्या हातात असतो. मी माझी थाप सांगते, त्यातलं काही लपवत नाही. बायका डोळे पुसतात. एखादी जवळ येऊन म्हणते, आई घाबरली असेल, म्हणून गाठ लपवली. मी मान डोलावते. एवढं एक खोटं मी अजून चालू ठेवलंय.

आई घाबरली नव्हती. बाई पेज घेऊन आल्या त्या संध्याकाळी, त्या घरी गेल्यावर, मी वॉर्डात आईवर चिडले होते. शाळा रस्त्यापलीकडे, डॉक्टर दर महिन्याला यायचे, गाठ हाताला लागल्यावर गेली का नाहीस? मी बाईंना खरं सांगितलंय हे तिला अजून माहीत नव्हतं. तिने पेजेचा चमचा बाजूला ठेवला.

"तिथे आधीचा रिपोर्ट मागतात. मी कुठून आणणार होते?" ती म्हणाली. "बाईंसमोर तू खोटी पडली असतीस गो."